रडक्या बापाचं काम

आठ ऑक्टोबर २०२३, रविवार, दुपारचे सव्वातीन. आमच्या बैठकीतल्या टीव्हीवर महांतेश मरून पडला होता आणि खरा महांतेश माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून चिवडा खात होता.

मालिका हिंदी होती. एरवी लोक ती मोबाईलवर पाहतात, पण माझ्या मुलाने पुण्याहून आणून दिलेल्या एका डबीमुळे ती आमच्या टीव्हीवर दिसत होती. शवागारातलं पोलादी टेबल, कमरेपर्यंत पांढरी चादर, वर उघडं अंग. कॅमेरा पायांकडून सावकाश तोंडाकडे येत होता. महांतेशची बायको मंजुश्री पदराने डोळे पुसत होती आणि पुसता पुसता स्वतःलाच हसत होती. त्याची आई गंगम्मा, वय एक्क्याऐंशी, सतरंजीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून लुगड्याला पुसला, परत घातला, बसल्या जागेवरून पुढे सरकल्या आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. मग मागे न वळता विचारलं,

“गळ्यातलं कुठंय?”

महांतेशचा घास तोंडातच राहिला.

हे घर लिंगायत, मूळचं उदगीरचं. मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग द्यायचं आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, यावर गंगम्मांच्या घरात कधी बोलणंही होत नसे, इतकी ती साधी गोष्ट होती. तीस वर्षांच्या शेजारात मी महांतेशला छातीवरच्या, इष्टलिंगाच्या त्या चांदीच्या डबीशिवाय पाहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यात बनियनवर दुकानात बसला तरी ती दिसायची. पडद्यावरच्या छातीवर ती नव्हती.

“हातात हाय, अव्वा,” तो म्हणाला. “डाव्या हातात. मूठ बघ की, झाकलेली हाय. त्यांना गळा उघडा पायजे होता. म्या खाली ठिवलं न्हाई, कुणाजवळ दिलं न्हाई. दोन दिवस मुठीत धरून पडलो.”

आवाजात थोडा अभिमान होता. हे ऐकून आईचं समाधान होईल असं त्याला खरोखर वाटत होतं.

गंगम्मा वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मागून कुणी अंगावर गार पाणी ओतावं आणि कुणी ओतलं ते कळू नये, तसा तो चेहरा झाला होता.

“डोळे मिटून?” त्यांनी विचारलं.

महांतेशला कळलं नाही. मलाही नाही. मंजुश्रीला कळलं असावं, कारण तिने उठून टीव्ही बंद केला.

“पूजेला बसतो तवा लिंग डाव्या हातात घेतो, अन् डोळे उघडे ठिवून त्याच्याकडं बघतो,” गंगम्मा एकेक शब्द वेगळा करत बोलल्या. “डोळे मिटून हातात लिंग कवा असतंय? मातीत बसवतात तवा. तुझ्या बापाच्या हातात तूच ठिवलं होतंस. इसरलास?”

त्या भिंतीला धरून उठल्या. मंजुश्रीने हात पुढे केला, तो घेतला नाही. दारात चपला पायात सारताना म्हणाल्या, “माझ्या हातात तू ठिवायचं न्हाई. मंजू ठिवंल, न्हाई तर आणिक कुणी. तू न्हाई.”

नवख्या वाचकासाठी इथे सांगायला हवं. लिंगायत माणसाला दहन करत नाहीत. बसवून मातीत समाधी देतात. विभूती लावून झाली की एकाने खड्ड्यात उतरायचं, गेलेल्या माणसाचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायचं आणि वर यायचं. त्यानंतर माती. गंगम्मांच्या घरात हे काम थोरल्या मुलाचं. महांतेश एकुलता एक. वडील वीरण्णा गेले तेव्हा त्यानेच ते केलं होतं, आणि आईचंही आपल्यालाच करायचं आहे हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की दारातलं ते वाक्य ऐकून तो हातात चिवड्याची बशी घेऊन तसाच उभा राहिला. बशी मी काढून घेतली.

लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत वीरण्णांचं दोरखंड, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान होतं, ते आता महांतेश चालवतो. नाटकाचं वेड शाळेपासूनचं. नांदेडला राज्य नाट्य स्पर्धेत त्याला दोनदा अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. मग मुंबईला चकरा सुरू झाल्या. गंगम्मांना वेळा लक्षात राहत नसत, म्हणून तो टीव्हीवर कधी दिसणार आणि कधी दिसला, हे मी माझ्या रोजनिशीत टिपून ठेवत असे. पहिली नोंद १४ जून २००३ ची आहे: “महांतेश, हवालदार. ‘साहेब, गाडी आली.’ अर्धा चेहरा दिसला.” त्यानंतर पानवाला, बोलला नाही. त्यानंतर शाळेतला शिपाई. गंगम्मा प्रत्येक वेळी अंघोळ करून, विभूती लावून आमच्याकडे येत आणि त्याचं काम संपलं की लगेच उठत. पुढची गोष्ट काय झाली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

२००८ साली गुन्ह्यांवरच्या एका कार्यक्रमात त्याला विहिरीत सापडलेल्या मुलीच्या बापाचं काम मिळालं. नुसतं काठावर उभं राहायचं होतं. तो काठावर बसला आणि रडला. डोळ्यांत औषध न घालता इतकं खरं रडला की तिथली माणसं गप्प झाली. तेव्हापासून मुंबईहून फोन आला की एकच मागणी असे: रडका बाप पाहिजे, लातूरवाल्याला बोलवा. मी मोजलेले एकतीस बाप आहेत. कुणाची मुलगी जाळलेली, कुणाचा मुलगा पळवलेला, कुणाला फक्त ओळख पटवायला आणलेलं. रात्रीच्या गाडीने जायचा, काम करायचा आणि परतून सकाळी दुकानाचं शटर उघडायचा.

समोरचे पत्र्याच्या पेट्यांवाले माणिकप्पा त्याला आल्या आल्या विचारायचे, “काय महांतेशप्पा, आज कुणाची पोरगी गेली?”

“अजून ठरली न्हाई,” तो म्हणायचा. “तुम्हीच सुचवा की एखादी.”

गिऱ्हाईकं हसायची. दोराचा एक वार जास्त मागताना बायका म्हणायच्या, रडून दाखवा म्हणजे जास्त मागत नाही. त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं, त्यालाही नाही.

मग २०२३ च्या फेब्रुवारीत तो फोन घेऊन माझ्याकडे आला. हिंदी मालिकेत आजवरचं सर्वांत मोठं काम मिळालं होतं. पहिल्या भागातच मेलेला आढळणारा मुख्याध्यापक, आणि पुढचे सात भाग तो जिवंत असतानाचे प्रसंग. मूळ मालिका डेन्मार्कमधली. तिथे हे काम ज्याने केलं त्या नटाची माहिती इंग्रजीत होती आणि दिग्दर्शकाने ती वाचून ये म्हणून बजावलं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

नटाचं नाव टॉर्किल. आडनाव मला धड उच्चारता आलं नाही. एका लहान बंदरगावात पोस्टमनच्या घरी जन्मला. अकरा वर्षं नाटकात मागे उभं राहण्याची कामं केली. मग सिनेमात खलाशी, पाद्री, दारुडा सासरा. पन्नाशीला आल्यावर टीव्हीच्या एका मालिकेतला म्हातारा पोलीस, जो रविवारी संध्याकाळी अख्खा देश पाहत असे. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत तो पडद्यावर नऊ वेळा मेला. मी वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे आणि महांतेश मान हलवायचा, जणू उदगीरच्या एखाद्या चुलत्याची हकीकत ऐकतो आहे. एके ठिकाणी लिहिलं होतं की प्रेताचं काम करण्याआधी हा माणूस आठ दिवस श्वास रोखायचा सराव करतो. ते महांतेशने मला दोनदा वाचायला लावलं.

गंगम्मा तिथेच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “नऊ डाव मेला, ते त्याच्या आईला चालतं का?”

माहितीत आईबद्दल काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

“मग काय म्हायती म्हणायची ती,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं हसलो. मी आज ते हसणं आठवते तेव्हा मला स्वतःचा राग येतो. त्या विचारत होत्या आणि आम्हाला ते विनोदाचं वाटलं.

मूळ मालिकेत टॉर्किलचं प्रेत जसं टेबलावर उघडं पडलं होतं, अगदी तसंच दिग्दर्शकाला इथे हवं होतं. म्हणून गळ्यातली डबी काढावी लागली आणि म्हणून मूठ मिटावी लागली.

त्या रविवारनंतर महांतेशने मुंबईचे फोन घेणं बंद केलं. २० नोव्हेंबरला तो आईला जीपने उदगीरच्या मठात घेऊन गेला. तिथले स्वामी त्याला म्हणाले की हातात होतं म्हणजे अंगावरच होतं, यात काही गेलेलं नाही. पण आईचं मन राखायला पुन्हा दीक्षा घे. त्याने ती घेतली. गंगम्मा समोर बसून सगळं पाहत होत्या. स्वामींच्या पाया पडल्या, प्रसाद घेतला, दुसऱ्यांदा मागूनही घेतला. परतताना जीपमध्ये महांतेशने विचारलं, झालं का आता? त्या म्हणाल्या, झालं. मग तुझ्या वेळी मीच ना? न्हाई, त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत बसल्या. हे मला मंजुश्रीने सांगितलं.

मलाही धक्का बसला. मला वाटलं होतं की चूक होती, ती दुरुस्त झाली. महांतेश माझ्याकडे येऊन बसला. बावन्न वर्षांचा माणूस, कानशिलांवर पांढरे केस. म्हणाला, काकू, अजून काय राहिलं तेच कळंना. डिसेंबरात गंगम्मांना दम लागून आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी हृदय थकलंय, जपा, एवढंच सांगितलं. म्हणजे आता त्याच्याजवळ वेळही नव्हता.

२१ जानेवारीला मी त्यांना पाहायला गेले. गंगम्मा पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. महांतेश औषध देऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. मंजुश्री स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दुपारचे बारा.

“तुला वाटतंय मी लिंगासाठी धरून बसले,” गंगम्मा अचानक म्हणाल्या. “रड.”

“काय?”

“रड म्हणते. टीव्हीत रडतोस तसं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. असं कसं, अव्वा, म्हणाला. त्या म्हणाल्या, तिथं कसं होतंय? कुणी म्हणतो अन् तू रडतोस. इथं मी म्हणतेय की.

तो खाली फरशीकडे बघत राहिला. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. आधी त्याची हनुवटी थरथरली. मग डोळे भरले आणि ओघळले. आवाज नव्हता, फक्त श्वास मध्येच अडकत होता, लहान मुलाचा मार खाऊन झोपल्यावर अडकतो तसा. मंजुश्री पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“बास,” गंगम्मा म्हणाल्या.

तो थांबला. बाहीने तोंड पुसलं आणि तोंड पहिल्यासारखं झालं. “एवढंच?” त्याने विचारलं. कामावरचा माणूस विचारतो तसं.

टीव्हीवर मी हे एकतीस वेळा पाहिलं होतं, पण तिथे रडणं थांबतं ते आपल्याला दाखवत नाहीत.

“बघितलं का, सिंधुबाई?” गंगम्मा मला म्हणाल्या, पण डोळे त्याच्यावर होते. “इतक्या पोरींचा बाप झाला ह्यो. परत्येकीला खरं पाणी दिलं. मेलेलं बी करून दावलं. आता माझ्यासाठी काय ठिवलं ह्यानं? खड्ड्यात उतरंल, रडंल, सगळे म्हणतील काय रडला, काय रडला. ते कोणतं हाय, मला कसं कळावं?”

तो म्हणाला, “ते खरंच असतंय, अव्वा. तिथलं बी.”

“हाव की. म्हणून तर.”

मंजुश्री दारातच खाली बसली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. महांतेशने विचारलं की मग मी काय करू, तूच सांग. गंगम्मांनी विचार केला. खरोखर विचार केला, डोळे मिटून.

“रडू नको,” त्या म्हणाल्या. “तुला रडता येतंय हे सगळ्या गोलाईला ठाऊक हाय. कोरड्या डोळ्यांनी उतर, कोरड्या डोळ्यांनी ठिव, अन् वर ये. एवढं जमत असंल तर तूच ठिव. अन् का म्हणून ते कुणाला सांगायचं बी न्हाई. सांगितलंस की ते बी नाटकच झालं.”

तो हो म्हणाला. त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. आज मी हे लिहिते आहे ते मंजुश्रीच्या सांगण्यावरून. महांतेशला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्याने नको म्हटलं असतं.

गंगम्मा २ मे २०२४ ला सकाळी साडेसहाला गेल्या. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून, भजन म्हणत, त्यांना दुपारी चारला स्मशानभूमीत नेलं. ऊन इतकं होतं की लोकांनी डोक्यावर टॉवेल टाकले होते. मी रिक्षाने गेले. अर्धी गोलाई आली होती. काही तरुण माणसं मला अनोळखी होती आणि ती महांतेशकडे ज्या नजरेने बघत होती त्यावरून कळत होतं की ती त्याला बघायला आली आहेत. एकाने फोन काढून धरला होता. माणिकप्पांनी तो खाली करायला लावला.

घरापासून तिथपर्यंत महांतेशच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुरुवातीला लोकांना वाटलं, धक्का बसलाय. आपल्याकडे अशा माणसाला रडवतात. रडला नाही तर आतल्या आत राहतं, बाधतं, म्हणून जाणती माणसं पाठीवर हात ठेवून, आठवणी काढून त्याचा बांध फोडतात. तसं सुरू झालं. कुणी म्हणालं, तुला शाळेत सोडायला उन्हात चालत यायची. कुणी म्हणालं, मोकळा हो, लेकरा. तो मान हलवायचा. बसवकल्याणहून आलेली गंगम्मांची धाकटी बहीण, त्याची मावशी, त्याच्या छातीवर मुठी मारत म्हणाली, “रड रे मगा, रड लेकरा. तुझी अव्वा हाय ती.” तो तिचे हात धरून उभा राहिला. आणि मग तिने, पंच्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने, सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली.

भजन थांबलं. मला वाटलं, आता मी बोलावं. मी पाऊल उचललंही. महांतेशने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच नाही म्हटलं. त्या डोळ्यांत काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एकतीस बापांपैकी कुणाच्या डोळ्यांत ते नव्हतं. पण पाणी नव्हतं.

तो खड्ड्यात उतरला. आईला नीट बसवलं, पाठीशी विभूती आणि बेलाची पानं सारली. मग लिंग घेऊन तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली. करंगळी परत परत उघडत होती. ती त्याने तशीच धरून ठेवली, बराच वेळ. वरून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “टीव्हीत परक्याच्या पोरींसाठी लोळतो. अन् आईला दोन टिपं न्हाईत.”

महांतेश उभा राहिला. खड्डा त्याच्या खांद्याइतका खोल होता. वर येण्यासाठी त्याने हात वर केला.

तो हात कुणी धरला नाही. मी घड्याळ पाहिलं नाही, म्हणून किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. काठावर पंधरा-वीस पुरुष होते, त्याला लहानपणापासून ओळखणारे, आणि ते सगळे मातीकडे बघत होते. माणिकप्पांनी तोंड फिरवलं होतं. हात तसाच वर होता, बोटांना विभूती लागलेली.

बायका लांब झाडाखाली उभ्या होत्या. त्यांच्यातून मंजुश्री निघाली, पुरुषांमधून वाट काढत आली, काठावर गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी तिने त्याला वर ओढून घेतलं.